शांत, चौऱ्याण्णव टक्के

“शर्ट काढा, छाती प्लेटला टेकवा,” मी कागदांवरून मान वर न करता म्हणाले. त्याने मुकाट्याने शर्ट काढला आणि थंड प्लेट लागताच दचकला. मी चिठ्ठी मागितली, तेव्हा भिंतीकडे तोंड करूनच तो म्हणाला, “मी पेशंट नाही... संगणकाच्या कामासाठी आलोय.”

“मग शर्ट का काढलात?”

“तुम्ही सांगितलंत म्हणून.”

छातीच्या दवाखान्यात एक्स-रे काढायला लागून मला सात वर्षं झाली होती, पण इतकं ऐकणारा माणूस पहिलाच.

दवाखान्याच्या साहेबांनी त्याला खिडकीजवळची खोली दिली, दोन वेळचा चहा लावून दिला. सिस्टरनी लगेच नाव ठेवलं – जावई. ते समजलं तेव्हा त्याचे कान लाल झाले, आणि मला उगाचच पुन्हा वळून बघावंसं वाटलं.

त्याचा प्रोग्रॅम दोन कामं करायचा. हजारो जुने एक्स-रे पाहून तो छातीतले डाग ओळखायला शिकला होता, आणि त्यात तो खरंच हुशार होता. दुसरं काम बोलण्याचं. तो पेशंटला प्रश्न विचारायचा, उत्तरावरून माणूस घाबरलाय की शांत आहे ते ताडायचा, आणि डाग पुसट असला तर डॉक्टरांकडे आज पाठवायचं की महिन्याने, तेही ठरवायचा. तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी हा प्रोग्रॅम तीस लहान आरोग्य केंद्रांवर बसवला जाणार होता, जिथे डॉक्टर रोज नसतात. त्याआधी ‘चाचणी नीट झाली’ अशी सही मला करायची होती.

तीन आठवडे आम्ही शेजारी बसलो. फोटो मी तपासायचे, बोलणं तो. कोण घाबरलंय ते मला कसं कळतं, असं त्याने एकदा विचारलं. हातांकडे बघून, असं मी सांगितलं.

“आणि माझ्या हातांकडे बघून?”

“चहा गार होतोय, एवढंच कळतंय.” खरं तर माझाही कप तसाच गार झाला होता...

गुरुवारी एक शिवणकाम करणारी बाई आली. फोटोत अगदी पुसट सावली होती. प्रोग्रॅमने विचारलं, काही त्रास होतो का? बाई म्हणाली, “काही नाही.” पडद्यावर उमटलं – शांत, चौऱ्याण्णव टक्के. पुढची तारीख महिन्याने.

ती पिशवीचा बंद पिळत होती. मी तिला दारातूनच परत आणलं, शेजारी बसवलं आणि म्हटलं, काही नाही म्हणजे काय ते सांगा बघू. तिचे डोळे भरले. पंधरा दिवस खोकल्यातून रक्त पडत होतं आणि सुनेला कळू नये म्हणून ती रुमाल स्वतः धूत होती. डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

मी तडक त्याच्या खोलीत गेले. प्रोग्रॅमला शिकवण्यासाठी वापरलेली पेशंटची सगळी उत्तरं उघडायला लावली. अकराशे वेळा कुणी ना कुणी ‘काही नाही’ म्हणालं होतं, आणि अकराशेच्या अकराशे ठिकाणी लिहिलं होतं – शांत. लिहिणारा तोच.

“तुमच्या घरात बाईमाणूस नाही का हो?” मी फटकन बोलून गेले.

“आई होती,” तो म्हणाला. “ती शेवटपर्यंत हेच म्हणायची... आणि मी कामाला निघून जायचो.”

त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तरी म्हणायचं ते मी म्हणाले. “सोमवारसाठी मी सही करणार नाही. तुमची दोन वर्षं वाया गेली तरी नाही.”

“मी मागणारही नाही,” तो म्हणाला आणि उठून साहेबांकडे गेला. आतले चढे आवाज मला बाहेर ऐकू येत होते. परत आला तो सहा आठवड्यांची मुदत घेऊन; साहेबांनी त्याच्या हाताखालची माणसं मात्र काढून घेतली होती.

माणसं नव्हती, मी होते. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या उत्तरांची रेकॉर्डिंग लावायची, एक इयरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. सूर, थांबणं, गिळलेला आवंढा, सगळं ऐकून आम्ही अकराशे उत्तरं नव्याने लिहिली. एकमेकांना चुकीचं ठरवत, हट्टाने, आणि खांदे जरा जास्तच जवळ ठेवून. आता खात्री नसली की प्रोग्रॅम थांबतो, हळूच पुन्हा विचारतो, आणि तरी कळलं नाही तर माणसाला बोलावतो.

मी सही केली. तो कागद घेऊन दारात घुटमळला.

“सहा महिने केंद्रांवर फिरावं लागणार आहे,” तो म्हणाला. “मला जावंसं वाटत नाही. म्हणजे... काम करायचंय. तुम्हाला सोडून जायचं नाहीये. मला तुम्ही फार आवडता. हे न बोलता मी जाणार नाही.”

माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की आत्ता फोटो काढला असता तर नक्की हलला असता.

“त्या केंद्रांवर एक्स-रे काढायला शिकवणारं कुणीतरी लागेल,” मी म्हणाले. “साहेबांकडून कळलं तेव्हा, कालच मी अर्ज दिलाय.”

“काल? मी बोलायच्या आधीच?”

“तुझी वाट बघत बसले असते तर सहा महिने इथेच गेले असते.”

तो हसायचाही विसरला. “‘तू’ म्हणालात मला,” तो म्हणाला.

“‘म्हणालात’ नाही, ‘म्हणालीस’,” मी म्हणाले. “म्हण.”