दुसरा भाग आधी कुणी वाचायचा

पार्सलचा कोपरा फाटला होता, आणि त्या फटीतून राजकन्या हंसावलीचा एक डोळा थेट पंकजाकडे बघत होता.

पंकजाच्या हातातला शिक्का तसाच हवेत राहिला. राजूरच्या बाजारपेठेतल्या मामांच्या कुरिअर ऑफिसात ती वर्षभर बसत होती. औषधं, चपला, मिक्सरची भांडी, सगळं तिच्या हातून गेलं होतं. पण हे... तिनं बोटानं कागद जरासा सरकवला. ‘केतकगडची राजकन्या, भाग दुसरा.’

पहिला भाग तिनं तीनदा वाचला होता. त्याच्या शेवटी स्वयंवराचा मंडप सजलेला असतो. हंसावलीच्या हातात हार, समोर दोघं — एक सेनापतीचा मुलगा, दुसरा वेश पालटून आलेला शत्रूचा राजपुत्र समरजित. हंसावली पाऊल उचलते... आणि पुस्तक संपतं. सात महिने पंकजा त्या उचललेल्या पावलावर अडकून पडली होती. दुसरा भाग निघाला त्याच दिवशी तिनंही मागवला होता, पण मोबाईलवर रोज एकच ओळ दिसायची, ‘तुमचं पार्सल लवकरच निघेल.’

आणि निघालं होतं कुणाचं? अंगद भांगरे, करवंदवाडी. कुणीतरी बहिणीसाठी मागवलं असणार.

मामा संगमनेरला गेले होते. त्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, “पंके, इथं दोन गोष्टी चालत नाहीत. उशीर आणि उचापत. लोकांचा माल ही लोकांची अमानत.” पंकजानं पार्सल रॅकवर ठेवलं. पाच मिनिटांनी खाली घेतलं. फक्त पहिलं पान, तिनं स्वतःला समजावलं. हार कुणाच्या गळ्यात पडतो, तेवढंच बघायचं.

पहिल्या पानावर हार कुणाच्याच गळ्यात पडला नाही. दुसऱ्यावरही नाही. मग मंडपात बाण आला, दिवे विझले, हंसावली घोड्यावर बसली... आणि पंकजा डब्यातला चिवडा खात खात अठ्ठ्याऐंशीव्या पानावर पोहोचली, तेव्हा काउंटरपलीकडून आवाज आला,

“अंगद भांगरेचं पार्सल आलंय का?”

तिनं वर पाहिलं. पंचविशीतला, उन्हानं रापलेला मुलगा, पायात चिखलाचे बूट. काउंटरवर फाटका कागद पडला होता, त्यावर ठळक अक्षरात त्याचंच नाव होतं, आणि पुस्तक तिच्या हातात उघडं होतं. लपवायला काही उरलंच नव्हतं.

“आलंय,” ती कशीबशी म्हणाली.

त्यानं कागद पाहिला, पुस्तक पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. पंकजाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आता हा मामांना सांगणार, आणि मामा एक शब्दही न बोलता तिला घरी बसवणार.

“कुठवर आलात?” त्यानं विचारलं.

“अं?”

“कितव्या पानावर?”

“अठ्ठ्याऐंशी...” मग सगळं एका दमात बाहेर पडलं. “माझी चूक झाली. कागद आधीच फाटलेला होता, पण वाचायला नको होतं. आणि ह्या पानावर चिवड्याचा डाग पडलाय. तुमच्या बहिणीला माझ्याकडून सॉरी सांगा.”

“बहीण न्हाई मला,” तो शांतपणे म्हणाला. “माझंच हाय. आमी धरणाच्या काठावर तंबू लावतो, पर्यटकांसाठी. एक बाई पहिला भाग तंबूतच विसरून गेल्या. आठ दिवस पाऊस थांबंना, करायचं काय? वाचला. मग आईला वाचून दाखवला. तिला अक्षरओळख न्हाई, पण रोज इचारती, त्या पोरीनं हार कुणाला घातला रं?”

“सांगू?” पंकजाच्या तोंडून निसटलं.

“नको,” त्यानं घाईनं हात वर केला. दोघंही हसले, आणि पंकजाचा जीव भांड्यात पडला.

“तक्रार करणार का माझी?”

“करणार न्हाई. पण मी अठ्ठ्याऐंशीला पोचेस्तोवर तुमी पुढं जायचं न्हाई.”

“पुस्तक तुमच्याकडे. मी कशी जाणार पुढे?”

“त्येच तर. मी सोमवारी आन् गुरुवारी भाजी न्यायला राजूरला येतो. गुरुवारी वाचून झालं तेवढं आणून देत जाईन. तुमी वाचायचं, सोमवारी परत द्यायचं. चाललं का मॅडम?”

“मॅडम नको,” ती म्हणाली. “पंकजा.”

गुरुवारी तो आला. पुस्तकात एकशेचाळिसाव्या पानावर एस.टी.चं तिकीट खुणेला घातलेलं. “इथवरच,” त्यानं बजावलं. “त्याच्या पुढं नजर टाकायची न्हाई.”

“आणि टाकली तर?”

“तुमच्या तोंडावर दिसंल. तुमचं तोंड लई बोलतं.”

त्या दिवसापासून आठवड्याला दोनच वार उरले. पंकजा तिची पानं एका दुपारी संपवायची आणि उरलेले दिवस ओठांशी आलेलं बोलणं साठवून ठेवायची. तो आला की काउंटरच्या दोन बाजूंना दोघांची बैठक बसायची.

“तुमच्या समरजितचं मला काय पटत न्हाई,” अंगद एकदा म्हणाला. “नदीकाठी उभा राहून दोन पानं बोलतो. पण घोडं तहानलेलं हाय, त्याला पाणी कुणी पाजायचं?”

“राजपुत्र आहे तो.”

“म्हणून घोड्यानं तहानलेलं राहायचं?”

“प्रेमात पडलाय हो तो. त्याचं लक्ष नाही.”

“प्रेमात पडल्यावर तर माणसाचं जास्ती लक्ष असतंय,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता सांगून गेला, “तुमी परवा निळी ओढणी घेतली हुती, आज घेतली न्हाई.”

पंकजानं उगाचच पावतीपुस्तक उघडलं. त्यात काय लिहायचं ते तिला आठवेना.

“आई काय म्हणतात?” तिनं विषय वळवला.

“आई म्हणती, त्या पोरीनं आधी गादीवर बसावं, हार काय नंतर बी घालता येतो.”

“मला भेटायचंय तुमच्या आईंना,” पंकजा मनापासून म्हणाली.

“या की...” तो म्हणाला, आणि घाईनं भाजीची पिशवी उचलली.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, पंकजाचं स्वतःचं पार्सल आलं. वर तिचंच नाव, आत अख्खा दुसरा भाग. अंगद तेव्हा दोनशेनव्वदाव्या पानावर होता. आता कुणाची वाट बघायची गरज नव्हती. संध्याकाळपर्यंत शेवटचं पानसुद्धा गाठता आलं असतं. तिनं कात्री घेतली, चिकटपट्टीवर टेकवली... आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवली. हे उघडलं, तर गुरुवारी अंगदला काय सांगायचं? बोलायला काय उरणार? आणि तो यायचाच बंद झाला तर?

परक्याचं पार्सल बघून हात न आवरलेली मुलगी, स्वतःचं पार्सल रॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवून कामाला लागली.

पुढच्या बुधवारी ते तिथंच होतं. गुरुवारी अंगद आला, त्यानं पुस्तक पुढं केलं. “तीनशेऐंशी. आता शेवटचं एकच प्रकरण ऱ्हायलंय.” मामा शिडीवर चढून वरचे खोके सारखे करत होते, तेवढ्यात त्यांच्या हाताला काहीतरी लागलं.

“पंके,” मामा धूळ झटकत म्हणाले, “हे तुझंच पार्सल की. नऊ दिवस झाले येऊन. दुसऱ्याच्या मालाला तू नऊ मिनिटं पडू देत नाहीस, मग तुझंच का पडलंय?” त्यांनी लेबल डोळ्यांजवळ धरलं. “पुस्तक आहे वाटतं.” ते पार्सल काउंटरवर ठेवून मामा मागच्या दारानं टेम्पोतला माल उतरवायला गेले.

काउंटरवर आता दोन पुस्तकं शेजारी शेजारी होती. एक वाचून वाचून फुगलेलं, दुसरं कागदात जसंच्या तसं.

अंगदनं लेबलवरची तारीख वाचली. “नऊ दिवस,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे तुमाला माझी वाट बघायची गरज नव्हती.”

पंकजानं मान खाली घातली. मग वाटलं, एवढी पानं वाचली ती मान खाली घालण्यासाठी नव्हे. तिनं वर पाहिलं. “पुस्तकासाठी नव्हती.”

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. अंगदच्या चेहऱ्यावर हसू आलं, गेलं, परत आलं.

“मंग माझंबी ऐका,” तो म्हणाला. “आमाला भाजी शेंडी गावातच मिळती. तंबूपासून चालत जाता येतं. आई परवा म्हणली, शेंडीतल्या मेथीला काय झालंय, वीस किलोमीटर जाऊन आणतोस ती?”

पंकजाला हसू आवरेना. “मग तुम्ही काय सांगितलं?”

“म्हणलं, राजूरची मेथी कवळी असती.” तो थांबला. “तिनं वळखलं. म्हणली, शेवटचं प्रकरण त्या मेथीवालीला वाचायला घेऊन ये. तू लई अडखळतोस.”

रविवारी मामांना सांगून पंकजा त्याच्या जीपमधून करवंदवाडीला गेली. ओढ्याकाठच्या खाचरांत काळभाताचं सुवासिक पीक फुलोऱ्यावर आलं होतं, त्याचा वास वाटभर साथीला होता. अंगदची आई, मालनबाई, दारातच बसल्या होत्या. त्यांनी पंकजाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, “बस. वाच. सावकाश.”

पंकजानं वाचलं. हंसावली आधी गादीवर बसली, तिनं तह केला, आणि मग भर दरबारात स्वतः चालत जाऊन समरजितसमोर उभी राहिली. अंगद उंबऱ्यावर बसून पुस्तकाकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

“चांगलं झालं,” मालनबाई पदर सावरत उठल्या. “पोरीनं स्वतः ठरवलं. असंच पायजे.” आणि त्या चहाला आत गेल्या.

परतीच्या वाटेवर जीप घाट उतरू लागली, तेव्हा अंगद म्हणाला, “मला त्या राजपुत्रासारखं दोन पानं बोलता येत न्हाई.”

“मग एका ओळीत बोला.”

त्यानं गाडी कडेला घेतली. खाली धरणाचं पाणी चमकत होतं. “पंकजा, माझ्याशी लगीन करशील?”

पहिल्यांदाच तो तिला ‘तू’ म्हणाला होता. पंकजाचे शब्द अगदी सरळ आले. “करीन. पण मामांना आजच विचारायचं. मला वाट बघवणार नाही.”

राजूरला ऑफिसच्या दारात मामा कुलूप लावतच होते. जीपमधून दोघं उतरलेले बघून त्यांचा हात थांबला. अंगदनं शर्टाची बाही सारखी केली, घसा खाकरला. “काकासाहेब, थोडं बोलायचं हुतं.”

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भाचीकडे. कुलूप परत खिशात टाकलं आणि आतलं स्टूल ओढून पुढं केलं. “बस. पंके, तीन चहा सांग.”

पंकजा निघाली, आणि पायरीवरच थांबली. त्याचं पुढचं वाक्य तिला ऐकायचं होतं.