तीन काठांमधले ठिपके

२०४८ सालच्या हिवाळ्यात नदीवर इतकं दाट धुकं उतरायचं, की आपली नाव पाण्यावर आहे की ढगात, हेच सरोजला कळायचं नाही. अकरा वर्षांची सरोज सुट्टीत शालिनीमावशीकडे राहायला आली होती. मावशी विषाणूंचा अभ्यास करायची आणि तिची प्रयोगशाळा एका सौरनावेवर होती. त्रिधारा गावापाशी तीन नद्या मिळत, आणि तीन राज्यांच्या हद्दीही.

नावेच्या भिंतीवर प्रकाशाचा एक नकाशा मंद तेवत असे. काठांवर आणि होड्यांवर होणाऱ्या निनावी तपासणीत कुणाच्या रक्तात एचआयव्हीचे विषाणू वाढलेले आढळले, की नकाशावर त्या जागी एक लाल ठिपका उमटे. त्यावर माणसाचं नाव मात्र नसे.

"मावशी, तिन्ही काठांवरचे दवाखाने म्हणतात, आमच्या यादीतले सगळे ठणठणीत आहेत," सरोज म्हणाली. "मग नदीतले हे सतरा ठिपके कुणाचे?"

"तेच तर मला कळत नाहीये."

मासळी द्यायला आलेला मल्लय्याकाका दारात उभा होता. तो बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला.

"त्यातला एक माझा असेल, पोरी," तो हळूच म्हणाला.

सरोजनं त्याच्या हातातली टोपली घेण्यासाठी पुढे केलेला हात नकळत मागे घेतला. काकानं ते पाहिलं आणि टोपली खाली ठेवली.

मावशीनं ती स्वतः उचलली. "हात लावल्यानं, एकत्र जेवल्यानं हा विषाणू लागत नाही, सरोज. तो रक्तातल्या रक्षक पेशींत (रोगाशी लढणाऱ्या पेशींत) शिरतो आणि तिथं स्वतःच्या नकला काढत सुटतो. रोजची गोळी त्या नकला थांबवते. मग त्यांची संख्या इतकी घटते, की यंत्रालाही तो सापडत नाही. तेव्हा तो जोडीदारालाही लागत नाही. पण काही विषाणू पेशींत झोपून राहतात. गोळी चुकली, की ते जागे होतात."

"मग काका, तुम्ही गोळी का चुकवली?"

"चुकवली नाही गं. मासे जातील तिकडं आम्ही जातो. पलीकडं गेलो, की इथल्या दवाखान्यातले लिहितात, गाव सोडलं. तिथले म्हणतात, आधीचे कागद आणा. कागद येईपर्यंत आम्ही तिसऱ्या काठावर. बायकोला पाचवा महिना आहे. भीती वाटते."

सरोज नकाशाजवळ गेली. "म्हणजे एका यादीतून नाव गेलं, दुसऱ्या यादीत आलंच नाही. म्हणून सगळ्या याद्या चांगल्या दिसतात."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच तिन्ही काठांवरच्या दवाखान्यांना फोन लावला.

चौथ्या दिवशी धुक्यातून दोन होड्या आल्या. एका काठावरून श्यामला सिस्टर, दुसऱ्या काठावरून डॉक्टर बघेल. आपल्या काठावरच्या परिचारिका वत्सलाताई आधीच आल्या होत्या. तीन भाषांत दुपारपर्यंत वाद चालला. दुसऱ्या राज्याच्या रुग्णाला आपल्या साठ्यातल्या गोळ्या कशा द्यायच्या? माणसाचं गुपित बाहेर फुटलं तर?

"रुग्ण कोणत्या राज्याचा, हे विषाणू विचारत नाही," श्यामला सिस्टर शेवटी म्हणाल्या. "मग आपण का विचारायचं?"

तिघांनी मिळून एकच यादी केली. तीत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक होता (ज्याचा त्यालाच ठाऊक असलेला आकडा). तो सांगितला, की कोणत्याही काठावर गोळ्या मिळणार होत्या. वरच्या कचेऱ्यांची संमती मिळायला तीन आठवडे लागले. दरम्यान मल्लय्याची बायको पोशक्का हिचीही तपासणी झाली, आणि तिच्याही रक्तात विषाणू निघाला. संमती येईपर्यंत डॉक्टर बघेल दोघांनाही आपल्या होडीतून गोळ्या पोचवत राहिले. गोळ्यांनी तिच्या रक्तातला विषाणू महिन्यागणिक घटत गेला.

उन्हाळ्यात सरोज पुन्हा आली, तेव्हा नदी आटून निळी झाली होती आणि नकाशावर नदीतले लाल ठिपके मोजकेच उरले होते. नावेवर पोशक्काच्या मांडीवर महिन्याची मुलगी झोपली होती. वत्सलाताईंनी अहवाल दोनदा वाचला.

"बाळाच्या रक्तात विषाणू नाही. अजून दोन तपासण्या बाकी आहेत, तोवर तिचं औषध द्यायचं हं."

मल्लय्याकाकानं बाळाला अलगद उचलून सरोजच्या हातांत दिलं. श्यामला सिस्टर आपल्या भाषेत काहीतरी गुणगुणू लागल्या, आणि खालच्या खोऱ्यातून, आणखी दोन राज्यांतून आलेल्या परिचारिका तिन्ही काठांची ती एकच यादी कशी करायची, हे समजून घ्यायला चटईवर सरकून बसल्या.