चिडचिड : दहापैकी अकरा

“रात्री झोप कशी लागते तुम्हाला?”

चष्म्याच्या दुकानात काउंटरपलीकडच्या अनोळखी माणसाने हे विचारलं, तर काय करायचं असतं? तिने त्याच्या चष्म्याची निखळलेली काडी बसवली, स्क्रू पिळला आणि म्हणाली, “उशीला डोकं टेकलं की मेले. का?”

चष्म्याशिवाय त्याचे डोळे... जाऊ दे. दिवसभर लोकांचे डोळेच बघायची ती. त्यात काय एवढं.

तो झोपेवर संशोधन करणाऱ्या केंद्रात होता. झोप अपुरी झाली की अंगाला रक्तातली साखर नीट हाताळता येत नाही. व्यायामाने ती कसर भरून निघते का, हे त्याला बघायचं होतं. त्यासाठी गाढ झोपणारी माणसं हवी होती. पाच दिवस केंद्रातच राहायचं, रोज चारच तास झोपायचं. निम्म्यांनी सायकल मारायची, निम्म्यांनी नुसतं बसायचं.

तिने रजा टाकली. आईला सांगितलं, विज्ञानासाठी जातेय. आईने विचारलं, विज्ञान दिसायला कसं आहे?

चिठ्ठ्या काढल्या. तिच्या वाट्याला आलं — बसणं.

रोज एक तक्ता भरायचा होता. दिवस पहिला. भूक : नेहमीची. चिडचिड, दहापैकी : दोन.

बसणाऱ्यांच्या खोलीला एक भिंत काचेची, आणि काचेपलीकडे सायकली. तिसऱ्या सायकलवर पोहणं शिकवणारी एक बाई होती. लांब मान, घामसुद्धा शोभून दिसायचा. तो तिच्या शेजारी उभा राहून सेकंद मोजायचा. ओठ हललेले दिसायचे, आवाज यायचा नाही. पोहणारी मात्र हसायची. सेकंदांत हसण्यासारखं काय असतं?

दिवस दुसरा. भूक : दुप्पट. चिडचिड : सात. शेरा : मोजायला भिंतीवरचं घड्याळ पुरत नाही का?

तक्ते गोळा करणाऱ्या सिस्टरने शेरा वाचला, मुकाट्याने खोडला आणि तिच्याकडे बघून नुसतं “हं” केलं.

दिवस तिसरा. त्याने पोहणारीच्या मनगटावरचा नाडीचा पट्टा घट्ट केला. हलकेच. दोन बोटांनी.

चिडचिड : अकरा.

त्याच दुपारी ती हात धुवायला म्हणून उठली आणि जिन्याकडे वळली. पाच मजले वर, पाच मजले खाली, धावत. खरं तर गेली होती पाय आपटायला... पण बरं वाटलं. संध्याकाळी पुन्हा गेली. चौथ्या दिवशी चारदा. म्हणे नुसतं बसा. बसतंय माझं खेटर.

पाचव्या दिवशी सकाळी सगळ्यांचं रक्त घेतलं. दुपारी तो, पहिल्यांदाच, बसणाऱ्यांच्या खोलीत आला. हातात तपासणीचा कागद. बसणाऱ्यांत सगळ्यांची साखर चढली होती, एकट्या तिची नाही. असं शरीर त्याने कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांना तो आत्ताच दाखवणार होता. तिच्यावर वेगळं काम करू म्हणाला, वर्षभर, फक्त तिच्यावर... तो बोलत होता आणि काचेपलीकडून पोहणारी बघत होती.

वर्षभर. शब्द किती गोड लागतो. करायचं काय, तर गप्प बसायचं.

“जिना,” ती म्हणाली.

“काय?”

“जिना चढले मी. दोन दिवसांत सहा वेळा. पाच मजले. धावत.”

तो खुर्चीत बसला. कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. किती वाजता, किती वेळ, धाप लागली का — त्याने विचारलं, तिने एकेक सांगितलं. मग तो हळूच म्हणाला की तिचे पाचही दिवस वगळावे लागतील. तिने मान हलवली. डोळे भरून आले, त्याचा दोष तिने झोपेवर ढकलला.

“पण का?” त्याने विचारलं.

“तुम्ही तिचे सेकंद मोजत होतात,” ती म्हणाली. “माझं कुणी काहीच मोजत नव्हतं.”

तो चष्मा काढून पुसत म्हणाला, “पहिल्या दिवशी तुम्ही अकरा जांभया दिल्यात. दुसऱ्या दिवशी एकवीस. परवा तुमची खुर्ची रिकामी दिसली, तर माझी मोजणी चुकली. त्या बाईंना चाळीस सेकंद जास्त सायकल मारावी लागली. पहिल्या दिवसापासून त्या मला हसतात, ते मी सारखा काचेपलीकडे बघतो त्यावरूनच.”

सिस्टर कपाटात काहीतरी शोधू लागली, जे कपाटात नव्हतं.

त्याने यादीतला तिचा क्रमांक खोडला. मोठ्या डॉक्टरांना तो स्वतःच सांगणार होता. तिची पिशवी उचलून तो दारापर्यंत आला आणि दार धरून उभा राहिला.

“आधी भरपूर झोपा. मग... रविवारी संध्याकाळी मी तळ्याकडे फिरायला जातो. याल?”

“त्या बाईही येतात तिथे?”

“माहीत नाही. विचारलं नाही कधी.”

“विचारूही नका,” ती म्हणाली, आणि त्याच्या हातातून पिशवी घेताना जरा जास्तच वेळ घेतला.