दुपारी एक ते चारमध्ये हरवलेला बोल्ट

रविवारी चार वाजून पाच मिनिटांनी आमोद पार्किंगमध्ये असा ओरडला, की पहिल्या मजल्यावर हेमाताईंच्या हातातला चहा बशीत सांडला.

"चोरी! माझा बोल्ट चोरीला गेला!"

कर्वेनगरच्या त्या सोसायटीत आजवर चोरीला गेलं होतं ते फक्त पाणी आणि पार्किंगची जागा. दोन मिनिटांत गॅलऱ्या भरल्या. हेमाताईंनी मात्र दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवून बशीतला चहा कपात ओतला आणि पिऊन टाकला. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढल्यावर माणसाला निदान रविवारचा चहा तरी गरम मिळावा. तेवढंही नशिबात नव्हतं.

पाच वाजता त्यांनी गॅलरीतून खाली डोकावलं आणि ठरवलेलं सगळं राहून गेलं. वॉचमन साईनाथची पिशवी पार्किंगच्या फरशीवर उपडी केलेली होती. एक चादर, दोन शर्ट, रिकामा डबा, टाचांच्या भेगांचं मलम आणि लहान मुलीच्या केसांच्या क्लिपांचं न उघडलेलं पाकीट. साईनाथ भिंतीला टेकून उभा होता. तो त्या क्लिपांकडे बघत होता.

हेमाताई तशाच चप्पल अडकवून खाली उतरल्या.

सोसायटीचे चेअरमन रावसाहेब जिन्यापाशी उभे होते. कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण सुपरवायझरकी काही निवृत्त झाली नव्हती. सोसायटीच्या फळ्यावरच्या टाचण्यासुद्धा ते एका रेषेत लावत. त्याच फळ्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात पाटी होती: 'दुसऱ्याच्या वाहनास हात लावू नये. हौस असल्यास स्वतःचे घ्यावे.'

"सिस्टर, आपण यात पडू नका," ते म्हणाले. "पिशवी मीच उपडी करायला लावली. याच्या सिक्युरिटी एजन्सीला कळवलंय. सहा वाजता माणूस येईल आणि याला घेऊन जाईल. विषय संपला."

"संपला? बोल्ट सापडला का?"

"नाही."

"मग तो माझ्यासाठी आत्ता सुरू झालाय. आमोद, काय हरवलंय ते नीट सांग."

आमोद सव्वीस वर्षांचा. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि रविवारी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून वडिलांची जुनी मोटरसायकल उघडायचा. कोपरापर्यंत काळा झाला होता आणि रडकुंडीला आला होता.

"मावशी, ड्रेन बोल्ट. इंजिनच्या तळाला एक भोक असतं ना, जुनं ऑइल काढायचं, ते बंद करणारा. पावणेएकला मी तो काढला, खाली डबा ठेवला आणि बोल्ट पेपरवर ठेवला. चारला आलो तर गायब! ही गाडी म्हणजे ना, शाप आहे. गेल्या वर्षी हिने माझे दोन वायसर गिळले. दिवाळीत स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडलाइटमध्ये पडलं, ते अजून खुळखुळतंय. म्हणून मग वाटलं, ओरडलो खरा, पण आतच कुठेतरी पडला असेल. सीट काढली, बॅटरीची पेटी काढली, चेनच्या कव्हरमध्ये लोहचुंबक फिरवलं. सगळी गाडी गदागदा हलवली. शेवटी डबा बाहेर ओढून ऑइलमध्ये हात घातला. नाही म्हणजे नाही! मग चोरीच ना?"

"पावणेएक ते चार तू कुठे होतास?"

"एक वाजता रावसाहेब काका आले. माझ्या हातून पाना पडला होता, त्याचा आवाज झाला. म्हणाले, एक ते चार माणसं झोपतात. मग मी वर जाऊन जेवलो आणि झोपलो. तसंही घाई नव्हती. हिचं ऑइल निथळायला फार वेळ लागतो. मागच्या वेळी संध्याकाळपर्यंत ठिबकत होतं."

"डबा बाहेर कधी ओढलास?"

"साडेचारला असेल."

हेमाताई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. गाडी मधल्या स्टँडवर उभी होती. इंजिनखाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर डब्याच्या बुडाचा गोल ठसा होता. ठशाच्या आत कागद कोरा होता. बाजूला दुसऱ्या कागदावर पाने ठेवलेले होते. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा. लहानापासून मोठ्यापर्यंत, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

"हे असे तू लावलेस?"

आमोद वैतागला. "मावशी, बोल्ट बघा ना! पाने कसले बघताय? यानेच आवरले असतील झाडताना."

हेमाताई साईनाथकडे वळल्या. पंचेचाळिशीचा माणूस. वाशिमकडून येऊन त्याला इथे चार वर्षं झाली होती.

"साईनाथ, तुम्ही किती वाजता झाडलंत?"

"तीन वाजता, मॅडम. पेपरले हात नाही लावला मी. भोवतीनं झाडलं. मागं एकदा याहिचा एक वायसर हलला तर लई बोलले होते मले."

"तेव्हा बोल्ट दिसला?"

"नाई. मी पाहिलंच नाई तिकडं."

"त्याआधी इथे कोणी आलं होतं?"

"सव्वादोनले मी गच्चीवर गेलो, टाकीचं पाणी पाहाले. पावणेतीनले उतरलो. तवाचं काई सांगता नाई येत."

"कॅमेरा?" हेमाताईंनी विचारलं.

रावसाहेबांनी घसा खाकरला. "बंद आहे. दुरुस्तीचा विषय पुढच्या मीटिंगला ठेवलाय."

"गेल्या तीन मीटिंगांत तो पुढच्याच मीटिंगला होता. असो. आपण कुठे होतात दुपारी?"

"मी?" रावसाहेबांच्या भुवया वर गेल्या. "घरात. माझी बेडरूम बरोब्बर या गाडीच्या वर आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. याला सांगून वर गेलो आणि आडवा झालो."

"झोप लागली?"

"कसली झोप! त्या पत्र्याच्या डब्यात टपटप, टपटप. खिडकीतून सरळ कानात. रविवारचीसुद्धा झोप मिळू नये माणसाला! अडीचनंतर कुठे डोळा लागला. सिस्टर, उलटतपासणी कसली करताय? या माणसाने मागच्या महिन्यात सोसायटीतले खोके भंगारात विकले होते."

"तुमालेच इचारून इकले होते, साहेब," साईनाथ खालच्या आवाजात म्हणाला.

रावसाहेबांनी ते ऐकलं नाही. घड्याळात साडेपाच झाले होते. फाटकाबाहेर एक मोटरसायकल थांबली. सगळ्यांनी तिकडे बघितलं, पण ती एजन्सीची नव्हती.

"काका, जाऊ द्या ना," आमोद आता कंटाळून गेला होता. "उद्या दुकान उघडलं की नवा बोल्ट आणीन. याला फक्त इथे ठेवू नका. विश्वासच उडाला."

हेमाताईंचा तोल तिथे गेला. "तुझा बोल्ट दुकानात मिळेल. याचं नाव कोणत्या दुकानात मिळतं, तेही सांग! एजन्सीच्या कागदावर एकदा चोर लिहिलं की पुण्यात याला कोणी फाटकापाशी उभं करेल का?"

हेमाताईंनी श्वास घेतला.

"आमच्या थिएटरमध्ये गोदाबाई नावाची आया होती. एकदा एक चिमटा कमी भरला. पेशंटच्या पोटात बघितलं, चादरी झटकल्या, कचरा उपसला. शेवटी गोदाबाईवर आळ आला आणि तिला काढलं. आठ दिवसांनी चिमटा सापडला. कुठे? ज्या ट्रेमध्ये तो असायला हवा होता, त्याच ट्रेमध्ये. तो ट्रे कोणी बघितलाच नव्हता. मीसुद्धा नाही. गोदाबाईला बोलावणं धाडलं, पण ती परत आली नाही. आमोद, खाली आडवा हो आणि इंजिनच्या तळाला हात लाव."

"तिथे काय असणार? भोक आहे तिथे. मीच तर बोल्ट काढला."

"हात लाव म्हटलं ना!"

आमोद कुरकुरत फरशीवर आडवा झाला. हात इंजिनखाली गेला. मग तो हलायचाच थांबला.

"मावशी," त्याचा आवाज गाडीखालून आला, "बोल्ट इथेच आहे. लावलेला आहे. एकदम घट्ट."

वर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तुम्हाला कसं कळलं?" आमोद उठून बसला.

"तूच सांगितलंस. तुझी गाडी संध्याकाळपर्यंत ठिबकते. डबा तू साडेचारला बाहेर ओढलास, आणि तास झाला तरी खालच्या कागदावर एक थेंब नाही. जखमेला टाका घातल्याशिवाय अशी कोरडी राहत नाही ती. म्हणजे भोक बंद होतं. ते बंद करणारी एकच वस्तू, आणि नेमकी तीच तू गावभर शोधत होतास."

"पण लावला कोणी? आणि का?"

"का, ते सोपं आहे. ज्याला ती टपटप सहन होत नव्हती त्याने. चोर पाना वापरून तो परत नंबराप्रमाणे मांडून ठेवत नाही. आमोद तर मोजे जोडीने ठेवत नाही. साईनाथने कागदाला हात लावला नाही. ज्याच्या हाताला हत्यारं रांगेत लावायची सवय आहे, त्याच्या हाताने ती आपोआप लागली." त्या वळल्या. "रावसाहेब, आपला डोळा अडीचला लागला. मग टपटप अडीचला थांबली कशी? ऑइल तर संध्याकाळपर्यंत ठिबकणारं होतं."

रावसाहेबांनी फळ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"भोक उघडं टाकून कोणी गाडी सोडून जातं का?" ते एकदम चिडून म्हणाले. "ही काय कामाची पद्धत झाली? मी आलो, बोल्ट बसवला, गेलो. दोन मिनिटांचं काम."

"आणि चार वाजता याने आरडाओरडा केला तेव्हा?"

"सांगणारच होतो." आवाज खाली आला. "तोवर सगळे गॅलरीत आले. पाटी माझ्या हातची. दुसऱ्याच्या गाडीला हात लावला, हे सगळ्यांदेखत कसं सांगायचं? वाटलं, हा स्वतःच बघेल. इतका मूर्ख असेल असं वाटलं नव्हतं. मग हा साईनाथचं नाव घ्यायला लागला, आणि... वेळ निघून गेली."

"वेळ निघून गेली नव्हती, रावसाहेब. आपण पिशवी उपडी करायला सांगितलीत."

खिशातून मोबाइल काढून रावसाहेबांनी एजन्सीला फोन लावला. माणूस पाठवू नका, चूक माझी होती, असं दोनदा सांगितलं. पलीकडच्याला पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं बहुतेक.

आमोद साईनाथसमोर जाऊन उभा राहिला. "सॉरी काका. खरंच सॉरी." काळा हात पुढे करावा की नाही, हे त्याला कळेना. मग तो खाली बसून चादर उचलायला लागला.

"राहू द्या," साईनाथ म्हणाला. "तेलाचे हात हायेत तुमचे. डाग पडतीन."

"मग तुम्ही भरा पिशवी," रावसाहेब म्हणाले. "झालं गेलं विसरून जा. ड्युटीवर उभे राहा."

साईनाथ भिंतीपासून हलला नाही. आवाजही चढवला नाही.

"मी नाई भरत, साहेब. मी नाई उपसली."

गॅलऱ्या भरलेल्या होत्या आणि कोणी आत गेलं नव्हतं.

रावसाहेब हळूहळू खाली बसले. गुडघे कटकन वाजले. त्यांनी चादरीच्या चार घड्या घातल्या, कडेला कड जुळवून. त्यावर शर्ट ठेवले, कॉलर एका बाजूला. डबा, मलम. शेवटी क्लिपांचं पाकीट उचललं, त्यावरची धूळ आपल्या शर्टाने पुसली आणि ते चिरडू नये म्हणून सगळ्यात वर ठेवलं.

मग पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली. साईनाथने ती घेतली, खांद्याला लावली आणि फाटक लावायला गेला.