‘बघू’चा ढीग

तिच्या पिशवीचा तळ फाटला तो नेमका जिन्यात! नेलपॉलिशच्या बाटल्या, सुकलेले मस्कारे, तडा गेलेली कॉम्पॅक्ट... सगळं पायऱ्यांवरून उड्या मारत खाली. आणि खालून वर येत होता एक तरुण, खांद्यावर फळी घेऊन. त्याने फळी भिंतीला टेकवली आणि गडगडत आलेली लिपस्टिक अलगद ओंजळीत झेलली.

“ताई, ही तुमची का?”

ताई! एवढे शांत डोळे, एवढा छान आवाज, आणि ताई? तिचा चेहरा खर्रकन उतरला.

“माझीच. आणि ताई नका म्हणू.”

“मग काय म्हणू?”

“काहीच नका म्हणू,” ती फणकारली.

तो हसला आणि एकेक बाटली वेचून तिच्या ओढणीत टाकत दारापर्यंत आला. दारात आल्यावर कळलं, हाच तो आईने बोलावलेला सुतार.

त्या घरात मायलेकी दोघीच. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला, आणि पगार झाला की एक लिपस्टिक घरी यायचीच. टेबलाचा जुना ड्रॉवर इतका ठासून भरला होता की उघडेना. शेवटी आईने सांगून टाकलं होतं, “नवा करून देते. त्यात मावेल ते तुझं, उरेल ते कचऱ्यात.”

सुताराची कामाची रीत मात्र निराळी. “आधी काय ठेवायचं ते ठरवा. मी वस्तू मापून मग आत तसे खाने करतो,” तो म्हणाला आणि जमिनीवर मांडी ठोकून बसला.

मग पसारा मांडला गेला. एक ढीग ठेवायचा, एक टाकायचा आणि एक... ‘बघू’चा. बघता बघता ‘बघू’चा ढीग सगळ्यांत मोठा झाला.

“हे काय?” त्याने तळहाताएवढ्या पसरट डबीकडे बोट दाखवलं.

“लाली. उघडलीच नाही कधी.”

“मग ठेवलीय कशाला?”

“कधीतरी लाजायची वेळ आली तर!” ती म्हणून गेली आणि लालीशिवायच लाल झाली.

त्याने मान खाली घालून खिसे चाचपले. माप टिपायची पेन्सिल तो काम करायचा त्या कारखान्यातच राहिली होती. तिने ‘बघू’मधली एक तपकिरी आयब्रो पेन्सिल पुढे केली.

“हिची रेघ लाकडावर उठेल?”

“माझ्या भुवयांवर उठते की.”

त्याने तिच्या भुवयांकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं.

“दिसतंय,” तो हळूच म्हणाला, आणि घेतलेलं माप साफ विसरला.

तो दिवसा कारखान्यात असायचा, म्हणून इकडे संध्याकाळी यायचा. ती दुकानातून जवळजवळ पळतच घरी येऊ लागली. खिडकीतून सोनेरी ऊन यायचं, लाकडाचा भुसा आणि पावडरचा वास एकमेकांत मिसळून जायचा. एकदा तिने मनगटावर लिपस्टिकच्या रेघा ओढून त्याच्यासमोर हात धरला.

“यातली कुठली ठेवू?”

“जिन्यातली,” तो म्हणाला. कुठली रेघ, हे त्याला दाखवावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी तो गेल्यावर तिला कळून चुकलं की आपण प्रेमात पडलोय. पार गळ्यापर्यंत! आणि ड्रॉवर झाला, की हा यायचा बंद.

मग काय, आवराआवरी उलटी सुरू झाली. टाकायच्या ढिगातून रोज काहीतरी परत यायचं. “अय्या, हा ब्रश राहिलाच की!” तो खाने काढायचा, पुन्हा बसवायचा. तीच बाटली तीनतीनदा मापायचा.

“एका ड्रॉवरला इतके दिवस?” आई कपाळाला हात लावायची. “एवढ्या दिवसांत माणूस घर बांधून राहायलासुद्धा गेला असता!”

पण ढीग तरी किती पुरणार! एके दिवशी टाकायचं काही उरलंच नाही. ड्रॉवर पूर्ण झाला. तिने तो ओढला, तर आवाजही न करता सरकला. सगळं जागच्या जागी. फक्त पुढचा एक लांबट, अरुंद खाना रिकामा होता.

“इथे चुकलं तुमचं माप,” ती म्हणाली.

“नाही चुकलं.”

त्याने कानावरची तपकिरी पेन्सिल काढली. इतक्या दिवसांत झिजून ती बोटभर राहिली होती, पण टोक नीट तासलेलं होतं. त्याने ती खान्यात ठेवली. अगदी चपखल बसली.

“ही तुमची,” तो म्हणाला आणि अवजारं पिशवीत भरू लागला. फारच सावकाश.

आता नाही बोलले तर कधीच नाही...

“आणि... उद्या तुम्हाला रेघ मारायला ही लागली तर?”

“तर येऊन मागावी लागेल.”

“कितीदा लागते?”

त्याने पिशवी खाली ठेवली. “रोज लागते,” तो म्हणाला. “पेन्सिल नाही हो... तुम्ही.”

तिने पेन्सिल उचलली, त्याच्या कानावर परत खोचली, आणि तिची बोटं तिथेच रेंगाळली.

“काय गं,” आतून आईचा आवाज आला, “मग रोज तिघांचा चहा टाकत जाऊ ना?”