कोजीच्या खोलीतले हात

बसा. दिवा असू द्या, मला अंधारात हे सांगवत नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. पुण्यात मायक्रोबायोलॉजी शिकले, कॅनडात सरेला आले आणि अरिमुरासानच्या छोट्याशा डिस्टिलरीत सहा वर्षं राबले. म्हातारा जपानातल्या कागोशिमाचा. तिकडे रताळ्यांपासून शोचू नावाची दारू गाळतात, त्याच्या तीन पिढ्यांनी तेच केलेलं. भट्टी कुणीही चालवेल, म्हणायचा, खरी कला कोजीची. वाफवलेल्या तांदळावर बुरशी चढवायची, उबेत दोन दिवस बाळंतिणीसारखी जपायची आणि वेळेवर हातांनी तांदूळ उलटायचा. त्या दिवसांत दही वर्ज्य. नात्तोला तर शिवायचंही नाही. नात्तो म्हणजे त्यांचं आंबवलेलं, तारा सुटणारं सोयाबीन. त्यातला जंतू तांदळात शिरला की कोजी गेलीच.

सहा वर्षं मी कोजीच्या दिवसांत दहीभात सोडला हो! आणि २०१०च्या सप्टेंबरात मरताना म्हाताऱ्याने खोलीची किल्ली कुणाला दिली? दोन वर्षांपूर्वी आलेल्या सुमेधाला. "तिचे हात ऐकतात," म्हणाला. माझे काय बहिरे होते? खोटं कशाला बोलू, मी जळून खाक झाले.

डिसेंबरात सुमेधाने पहिल्यांदा एकटीने कोजी लावली. दुसऱ्या दिवशी साडेचारलाच काळोख झाला होता, बाहेर पावसाची रिपरिप. ती जॅकेट चढवत आली.

"उल्काताई, केयाला डेकेअरमधून पिक अप करून येते. पाचला टेम्परेचर तेवढं चेक करशील? पण प्लीज, हात नको लावूस हं."

मला! हात नको लावूस!

नात्तोचा डबा सकाळपासून माझ्या पर्समध्ये होता. तिची गाडी गेली. मी उजव्या हाताची बोटं त्यात बुडवली आणि खोलीत शिरले.

आत देवदाराच्या फळ्या, एकच मिणमिणता बल्ब, भाजलेल्या चेस्टनटसारखा गोडसर वास. तांदूळ पसरलेले तीस लाकडी ट्रे. कान दिला तर बारीक कुरकुर ऐकू येत होती, लाकूड उबेने फुगत असावं. पहिल्याच ट्रेमध्ये मी मनगटापर्यंत हात खुपसला.

तांदळाच्या आत कुणीतरी माझा हात धरला.

कोरडा, गरम, म्हातारा हात. त्याने आवळलं नाही, ओढलं नाही. माझं एकेक बोट सोडवत, लहान मुलाचा हात ताटातून बाजूला करावा तसा माझा हात हलकेच बाहेर ढकलला. मग पाठीमागून, अगदी कानाशी…

"नॉट यू… उल्कासान… नॉट यू…"

मी पळाले. बाथरूममध्ये कोपरापर्यंत साबण चोळत राहिले. सुमेधा आली तेव्हा म्हणाले, "टेम्परेचर ओके आहे."

रात्री तिने पहिल्या ट्रेपासून सगळे ट्रे हातांनी उलटले. सकाळी तीसच्या तीस ट्रे चिकट झाले होते, तारा सुटत होत्या. सुमेधा रडली. आपलंच काहीतरी चुकलं म्हणाली आणि महिन्याभरात राजीनामा देऊन टोरोंटोला गेली. मी तोंड उघडलं नाही. म्हाताऱ्याच्या मुलीने किल्ली माझ्या हाती ठेवली.

आता शोचूचं नाव झालंय. लोक येतात, घोट घेतात, म्हणतात, "अमेझिंग, उल्का! हे हात कुणाचे?" मी हसते. सांगू कुणाला? कोजी लावली की दुसऱ्या संध्याकाळी मी कुलूप उघडते, तर तांदूळ आधीच उलटलेला असतो. वर बोटांच्या ताज्या, नीट रेघा. माझ्या बोटांहून बारीक. चार वर्षं मी एकही ट्रे उलटलेला नाही.

गेल्या आठवड्यात सुमेधाचा फोन आला.

"उल्काताई, हसू नकोस हं. मी बँकेत जॉब करते, घरी तर हल्ली भातही करत नाही. पण कधीकधी संध्याकाळी मीटिंगमध्ये बसलेले असते आणि नखांत शितं सापडतात…"

मी माझी नखं पाहिली. स्वच्छ होती.

"गरम असतात गं," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? इतकं बरं वाटतं…"

मी फोन ठेवला. मला भीती वाटायला हवी होती ना? पण मी रात्रभर रडले, त्याने तिचेच हात नेले म्हणून.