उष्टं सरबत

गंधालीने महिन्याच्या गोळ्यांची बाटली बॅगेत टाकली, आणि वरून एक स्क्रू टपकन् त्याच बॅगेत पडला.

"ओ मॅडम, थांबा ना जरा!"

घाटकोपरच्या सरकारी दवाखान्यात, एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या खिडकीपाशी, शिडीवर चढून एकजण एसी दुरुस्त करत होता. तो उतरला, हसला, आणि चक्क बॅगेत डोकावला! तिने झटकन् स्क्रू काढून त्याच्या तळहातावर ठेवला... नि सटकली.

पुढच्याच आठवड्यात स्वारी साकीनाक्याला हजर! गंधाली कापडी पिशव्यांचे नमुने शिवायची, त्याच गाळ्याच्या दारात. नाव नितेश, गाव कुडाळ, आणि दुकान म्हणे शेजारच्याच गल्लीत.

म्हणे! गंधालीच्या मनात पाल चुकचुकली. ह्याने बाटली पाहिलीय. आता गावभर बभ्रा करेल, नाहीतर कीव. कीव तर त्याहून वाईट.

पण तो नुसताच चहाच्या वेळी यायचा, काहीबाही बोलायचा, ती बघतेय म्हटल्यावर नजर वळवायचा. ते तिला आवडायला लागलं, आणि संशय आणखीच वाढला.

एका दुपारी बाकीच्या बायका जेवायला गेल्या असताना तो कोकम सरबत घेऊन आला. तिने अर्धा ग्लास ठेवला. त्याने तो घटाघटा संपवला.

"मुद्दाम प्यायलास ना?"

"तहान लागली होती गं."

"खोटं! मला घाबरत नाहीस, हे दाखवायला!"

"तुला घाबरतोच. कात्री रोखून बोलतेस."

ती हसली नाही. "त्या दिवशी बाटली पाहिलीस ना?"

"पाहिली. म्हटलं, तू सांगशील तेव्हा ऐकू."

"जन्मापासून आहे मला. आई गरोदर असताना तिची तपासणीच कुणी केली नाही. वेळेवर औषध मिळालं असतं तर... पण उद्या माझं बाळ—"

नितेशचे कान लाल झाले. काहीतरी पुटपुटत तो निघूनच गेला, आणि पुढे फिरकलाच नाही. चहाच्या वेळी तिची नजर दाराकडे जाई, नि ती स्वतःवरच चिडे.

मग एका संध्याकाळी तो गल्लीच्या तोंडाशी उभा दिसला.

"कुठे होतास?"

"काम होतं. आणि... त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटलो."

"उष्टं प्यायलास म्हणून?"

"उष्ट्याने काही होत नाही, येडे. बाळाचं विचारायला गेलो होतो."

"मग?"

"आईने गोळ्या चुकवल्या नाहीत, रक्तात विषाणू सापडेनासा झाला, नि बाळाला जन्मल्याबरोबर औषध दिलं, तर बाळाला लागण व्हायची भीती जवळजवळ नाहीच. विषाणू सापडत नसला तर नवऱ्यालाही होत नाही."

हे सगळं गंधालीला पाठ होतं. पण तिच्यासाठी हे विचारायला आजवर कुणी गेलं नव्हतं.

तरी तिने डोळे बारीक केलेच. "माझं नाव सांगितलंस?"

"छे गं! त्यांनी विचारलं, लग्न ठरलंय का? म्हटलं, मुलगी भारी संशयी आहे... अजून विचारलेलं नाही."

"मग विचार ना."

त्याने विचारलं. नेमका तेव्हाच शेजारचा पत्रे कापायचा कारखाना खडखडला. काही ऐकू आलं नाही म्हणत तिने पुन्हा विचारायला लावलं.

खरं तर तिला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.